दुसऱ्या गुडघ्याचा फोटो

फिल्म दिव्यासमोर धरल्याबरोबर ज्याचं तोंड उघडतं, त्या डॉक्टरवर माझा भरवसा बसत नाही. मग तो कितीही शिकलेला असो. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरापोरींना हे चांगलं ठाऊक आहे, कारण त्यांनी त्यापायी माझी पुष्कळ बोलणी खाल्ली. पण हा तिरसटपणा मी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता. तो मला अमरावतीच्या एका डॉक्टरांनी दिला आणि माझ्या थोरल्या भावाच्या गुडघ्यानं पक्का केला.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. आम्ही अकोल्याला राहत होतो. बाबा कापसाच्या जिनात कामाला होते. बार्शीटाकळीजवळचं आमचं गाव त्यांनी तरुणपणीच सोडलं होतं. गावात माणसाची किंमत तो जन्मतो त्याच दिवशी ठरते आणि पुढे कोणी फिरून पाहत नाही, असं ते म्हणायचे. छप्पन साली ते दीक्षा घेऊन आले आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. पोरगी डॉक्टर होणार आणि पोरगा सरकारी नोकरीत जाणार. आम्हाला कोणी विचारलं नाही, पण आमचीही ना नव्हती.

मी त्याप्रमाणे दुसऱ्या गावी, वसतिगृहात राहून, डॉक्टरकी शिकत होते. दादाचं गाडं मात्र अडलं होतं. त्याला पोलिसात जायचं होतं. छाती भरायची, उंची भरायची, तरी कुठे ना कुठे माशी शिंकायची. त्या उन्हाळ्यात त्याचं नाव निवडीत आलं, आता फक्त डॉक्टरी तपासणी तेवढी राहिली होती. वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची खेप होती. ह्या वेळी हुकलं की खाकी कपडे कायमचे विसरायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आता आमच्या कॉलेजात हाडांच्या फिल्मा कशा शिकवायचे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सर हातात छडी घेऊन उभे राहायचे. मागे भिंतीवर काचेच्या पेट्या, पेट्यांत दिवे आणि दिव्यांवर फिल्मा लटकवलेल्या. छडी जिथे टेकेल तिथलं नाव सर म्हणायचे आणि आम्ही सगळे मागून म्हणायचो. शाळेत पाढे म्हणतात तसं. सर विद्वान होते आणि त्यांचा आवाज खणखणीत होता, आम्ही त्यांना चळाचळा कापायचो. कोणी मध्येच ‘हे असं का दिसतं?’ असं विचारलं की सर छडी खाली ठेवायचे. छडी खाली ठेवली म्हणजे बोलणी खायची वेळ आली, म्हणून कोणी विचारत नसे.

पण खरी गंमत निराळीच होती. फिल्मा होत्या मोजक्या आणि त्याच त्या वर्षानुवर्षं चालत आलेल्या. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना त्या ओळखायच्या खुणा सांगून जायची. कोपऱ्यात बुरशीचा ठिपका आहे तो मोडलेला घोटा. नखाचा ओरखडा आहे तो धडका घोटा. क्लिप गंजून जिचा कान फाटलाय त्या फिल्ममध्ये मांडीचं हाड मोडलंय. आम्ही ठिपके पाठ केले, ओरखडे पाठ केले, आणि त्या विद्येवर मी परीक्षेत चांगली वरच्या नंबरात आले. एक नियमही आम्ही आपसूक शिकलो होतो. हाडात काळी रेघ दिसली की मोडलेलं म्हणायचं. त्या फिल्मांपुरता हा नियम कधी चुकला नाही.

अमरावतीला माझी मावशी राहायची. आदल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. तिच्या घरापासून जवळच एका वयस्कर डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्यांच्याकडे एक्स-रेचं यंत्र होतं. सुट्टीत वऱ्हाडातली जी जी पोरं डॉक्टरकी शिकत होती, त्यांना ते रविवारी सकाळी बोलवायचे आणि फुकट शिकवायचे. चांदूर बाजारचा एक मुलगा यायचा, अंजनगाव सुर्जीचा एक यायचा, आणखी दोघे-तिघे. मुलगी मी एकटीच. मावशीनं मला हाताला धरून नेलं आणि सांगितलं, “हुशार हाय पोरगी, पन तोंड लय चालते.” डॉक्टर म्हणाले, “थे आपन बंद करू.”

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला एकही फिल्म दाखवली नाही. घरातून तवा मागवला. पांढऱ्या भिंतीसमोर दिवा लावला आणि मध्ये तवा धरला.

“भिंतीवर काय हाय?”

“गोल,” आम्ही म्हणालो.

त्यांनी तवा आडवा फिरवला. “आता?”

“रेघ.”

“मंग तवा मोडला का?”

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. “हसा. एक दिवस मानसाचं हाड असंच फिरन, अन् तुमी त्याले मोडलं म्हनसान.”

त्यानंतर लाटणं झालं, पळी झाली, कान असलेली वाटी झाली. एकामागे एक ठेवून सावल्या एकमेकींवर पाडल्या. एक सबंध रविवार स्वयंपाकघरातल्या भांड्यांत गेला. मी घरी येऊन मावशीपुढे चिडचिड केली, की एवढं शिकून मी तव्याची सावली बघायला आले का. मावशी शेवया वळत होती. ती मान वर न करता म्हणाली, “फुकट शिकवून राहिले तं नाकं मुरडू नोको.”

पुढच्या रविवारी हाडं आली, पण तीही फिल्मवरची नव्हेत. आपापली. “आधी बोट, मंग नजर, तोंड सगळ्यात शेवटी,” हा त्यांचा नियम होता. कोपर पाहायचं असलं तर आधी स्वतःचं कोपर चाचपायचं. कुठे टेंगूळ लागतं, कुठे खळगा लागतो, हात वळवला की काय सरकतं, ते बोटांनी ओळखायचं. मग डोळे मिटून पाटीवर काढायचं. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आम्हाला दारातून पाहायचे. शहाणीसुरती पोरं आपापली कोपरं दाबत बसली आहेत हे पाहून एका बाईनं डॉक्टरांना विचारलं होतं, की ह्यांना काय झालंय.

आणि फिल्म हाती आली की त्यांचा एकच प्रश्न असायचा. “काय बरं हाय थे सांग.” मोडलेलं विचारायचेच नाहीत. हे हाड धड आहे, हा सांधा धड आहे, ही कड सलग आहे, असं एकेक म्हणत सगळा हात पार करायचा. एखादी जागा राहिली की पुन्हा पहिल्यापासून. मला तर वाटायचं हा माणूस आमची परीक्षा बुडवणार. परीक्षेत कोणी बरं काय आहे ते विचारतं का?

सरांवर अन्याय मात्र करणार नाही. अंजनगावचा मुलगा डॉक्टरांचा लाडका होता, कोणतंही हाड डोळे मिटून काढायचा, पण तोंडी परीक्षेत नावंच आठवेनात म्हणून गडगडला. सरांच्या पाढ्यांनी आमच्या जिभेला वळण लावलं होतं, ते पुढे जन्मभर कामी आलं. डॉक्टरांनी बोटांना आणि डोळ्यांना लावलं. त्या वयात मला जिभेचं वळण तेवढं खरं वाटत होतं, कारण मार्क त्याचे मिळत होते.

तर दादाची तपासणी आठवड्यावर आली होती. तो रोज पहाटे मैदानावर धावायला जायचा. एक दिवस मुरुमावरून पाय सरकला आणि डाव्या गुडघ्यावर आपटला. घरी आला तो लंगडत. दुपारपर्यंत गुडघा टम्म सुजला. बाबा जिनातून आले आणि त्याला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे फोटो काढला. गुडघ्याच्या वाटीचा तुकडा उडालाय, सूज उतरू द्या, सोमवारी प्लास्टर घालू, मग दीड महिना हालचाल बंद, असं त्यांनी सांगितलं. दादा तपासणीचं म्हणाला तर ते म्हणाले, “पाय हवा की नोकरी?” चांगला माणूस होता तो, उगाच घाबरवणारा नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं.

खाकी पाकिटातली ती फिल्म बाबांनी माझ्या हातात ठेवली. घरातली डॉक्टर मीच. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. गोल वाटी, आणि तिच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात काळी रेघ. रेघेपलीकडे छोटा तुकडा. इतकं स्वच्छ दिसत होतं की तोंड आपोआप उघडलं.

“हो बाबा. मोडलीय.”

बाबांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. माय चुलीपुढून उठलीच नाही. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला त्या घरात बसवेना. ज्यानं मला सायकल शिकवली, वसतिगृहात पोचवायला माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आला, त्याच्या आयुष्यावर मी खिडकीशी उभी राहून एका वाक्यात शिक्का मारला होता.

सकाळी मी अंगणात आले तर दादा मोरीपाशी उकिडवा बसून चूळ भरत होता. कण्हत होता, पण बसला होता. उठतानाही भिंतीला हात लावून उठला. मी बघत राहिले. वाटी मोडलेला माणूस उकिडवा बसेल?

“दादा, दुखते कुठी?”

“गुडघ्यात. अजून कुठी?”

“बोटानं दाखव.”

त्यानं खालची, खरचटलेली जागा दाखवली. मी हात पुसले आणि त्याच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. खाली दाबलं तर तो ओरडला. मग वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यावर, जिथे फिल्ममध्ये रेघ होती तिथे, आधी हळू आणि मग चांगलं जोरानं दाबलं.

“इथं?”

“इथं काई नाई. पन तू हे काहून करून राहिली?”

मी पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. मोडलेलं हाड दाबलं आणि माणूस ‘काई नाई’ म्हणतो, असं होत नाही. पण मी अजून शिकत होते, आणि फोटो काढणारे डॉक्टर शिकलेले होते. माझ्या एका ‘मोडलीय’नं घरात चूल थंड झाली होती, आता माझ्याच ‘नाही मोडली’वर कोण विश्वास ठेवणार? आणि मी चुकीची निघाले तर दादा मोडक्या पायानं धावून कायमचा लंगडा होईल. मी बाबांना एवढंच म्हणाले, की अमरावतीला जाऊन येते, दादाला घेऊन. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “जाय.”

मूर्तिजापूरवरून जाणारी बस धरली. उन्हानं पत्रा तापला होता. दादानं पाय समोरच्या बाकाखाली लांब केला होता आणि पाकीट मी मांडीवर घट्ट धरलं होतं. वाटेत तो एकदाच बोलला. “उगीच आस लावू नोको, बाई.” पण आस मलाच लागली होती.

डॉक्टरांनी फिल्म पेटीवर लावली, दिवा लावला, एकदा पाहिलं आणि बाजूला सरकून मला पुढे केलं.

“बोट लावलं?”

“लावलं. रेघेवर दुखत नाही. दुखतं ते खाली.”

“मंग आता नजर लाव. काय बरं हाय?”

मी सांगायला लागले. मांडीचं हाड धड. नळीचं हाड धड. सांध्यात जागा सारखी. दादा मागून वैतागला. “डॉक्टर साहेब, माह्या वाटीचं सांगा ना! बरं काय हाय थे आयकून म्या काय करू?”

“बस बाप्पा,” डॉक्टर म्हणाले. “तिले घाई करू नोको. काल तिनं घाईच केली असन.”

माझे कान तापले. मी वाटीवर आले. ह्या वेळी रेघ सोडून रेघेच्या कडा पाहिल्या. मोडलेल्या भाकरीचे दोन तुकडे जवळ आणले तर एकमेकांत बसतात, ह्याचा खळगा त्याच्या टोकाला. इथे तसं नव्हतं. तुकड्याची कड गोल होती आणि वाटीचीही कड गोल, दोन्हींना पांढरी किनार. कुठे टोक नाही, कुठे खरखरीतपणा नाही.

“कडा गुळगुळीत आहेत,” मी म्हणाले. “काल मोडलेल्या हाडाच्या अशा नसतात.”

“मंग?”

“मोडलं नसेल. कदाचित.”

“त्याची नोकरी हाय पोरी. कदाचितवर चालन का?”

मी फिल्मकडे पाहत राहिले. छडी टेकली असती तर मी त्या वाटीचं नाव, तिच्या बाजूंची नावं, तिला धरून ठेवणाऱ्या स्नायूंची नावं घडाघडा म्हणून दाखवली असती. त्यातलं काहीही त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं. मग आठवलं, की कोपर चाचपताना ते नेहमी दोन्ही कोपरं चाचपायला लावायचे. तुझ्या कोपराशी तुलना करायची तर तुझ्याच दुसऱ्या कोपराशी कर, असं म्हणायचे.

“दुसऱ्या गुडघ्याचा फोटो काढा,” मी म्हणाले. “जो पडला नाही त्याचा.”

डॉक्टरांनी हात जोडले. “म्या कवाचा वाट पाहून राहिलो.”

दादाला ते पटेना. दुखतो हा आणि फोटो त्याचा, हा कुठला न्याय, असं पुटपुटत तो टेबलावर झोपला. फोटो निघाला. डॉक्टर फिल्म धुवायला अंधाऱ्या खोलीत गेले आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. दादा चांगल्या गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, जणू तोही आता हातचा जाणार. मी आतल्या पाण्याचा आवाज ऐकत होते.

ते ओली फिल्म घेऊन आले, पाणी ठिबकत होतं. जुन्या फिल्मच्या शेजारी त्यांनी ती लावली. मी पाहिलं. तोच वरचा, बाहेरचा कोपरा. तीच रेघ. तेवढाच गोल कडांचा तुकडा. आरशात पाहावं तसं.

दादा माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्याचा चेहरा उतरला.

“म्हंजे दोन्ही मोडले?”

मला हसू फुटलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. दादा घाबरून एकदा माझ्याकडे आणि एकदा डॉक्टरांकडे पाहत होता.

“सांग त्याले,” डॉक्टर म्हणाले. “आता उघड तोंड.”

मी पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं. काही माणसांची वाटी दोन तुकड्यांनी वाढते आणि ते तुकडे जुळायचे राहतात. तुझी घडणच तशी आहे, दोन्हीकडे. ह्या वाट्यांवर तू जन्मभर चाललास, धावलास, निवडीत आलास. पडल्यामुळे नुसता मुका मार लागलाय.

“म्हंजे म्या धडका हाय?”

“धडका आहेस.”

तो तिथल्या तिथे उठला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. दुखलं असणार, पण तोंडावर दिसू दिलं नाही. डॉक्टरांनी शेकायला सांगितलं, चार दिवस धावणं बंद ठेवायला सांगितलं, आणि तपासणीच्या वेळी दोन्ही फिल्मा बरोबर ने, एकट्या डाव्याची दाखवू नको, असं बजावलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. “गुडघे सांभाळ,” म्हणाले.

दादानं सांगितल्याप्रमाणे केलं. तपासणीत गुडघ्याचा विषय निघाला, त्यानं दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी धरल्या, आणि तो पास झाला. पुढे नोकरीभर तो नव्या शिपायांना सांगायचा, की माझ्या वाट्या देवानं नाही, माझ्या बहिणीनं पास केल्या. मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा नावं सरांच्या रीतीनं पाठ करून घेतली, पण फिल्म हातात देण्याआधी तवा आणि दिवा आणायला कधी विसरले नाही. पोरं हसायची. मी हसत नसे.

पण मला जास्त आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. आम्ही बसमधून उतरून घरी आलो तर माय दारातच उभी होती. दादा लंगडत का होईना, हसत आला, त्यावरूनच तिला कळलं. तिनं काही न विचारता चूल पेटवली. मी दोन्ही फिल्मा कंदिलाच्या उजेडात धरून सगळ्यांना दाखवल्या. शेजारचे आले, त्यांनाही दाखवल्या. थोड्या वेळानं पाहते तर जो तो आपापला गुडघा चाचपत बसला होता. माय सुद्धा.

बाबा तेवढे भिंतीला टेकून बसले होते. सगळे पांगले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

“म्हंजे हे त्याले जन्माचंच हाय?”

“हो बाबा.”

“अन् जन्माचं हाय म्हनून खोट नाई?”

“नाही बाबा. खोट नाही.”

बाबांनी दोन्ही फिल्मा माझ्या हातातून घेऊन कंदिलापुढे धरल्या. मग म्हणाले, “अजून एकदा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.